पाचव्या पाण्यानंतर

सुनंदाताई, कंट्रोल लावला.

तू म्हणाली होतीस, तो लावल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस. म्हणून तू गेल्यापासून दोन महिने मी तुझ्याशी बोललो नाही. तुझ्या खुर्चीकडे पाहत होतो, बाटल्यांवरचं तुझं तिरकं अक्षर वाचत होतो, पेशींना रोज खाऊ घालत होतो. पण मनातल्या मनातसुद्धा तुला हाक मारली नाही. आता मारायला हरकत नाही.

स्वप्नात तू येतेस ती पाठमोरी. नांदेडची आपली प्रयोगशाळा असते, दुपारचं ऊन फरशीवर पसरलेलं असतं, इनक्यूबेटर घुमत असतो. तू मायक्रोस्कोपवर वाकलेली असतेस आणि डोळा न काढता म्हणतेस, "जळकोट, कड पाहा." मी जवळ येतो. भिंगाखाली उंदराच्या मूळपेशींच्या वसाहती, गोल, फुगीर, कडेनं उजळलेल्या. स्वप्नात त्या फार मोठ्या असतात. आपण दोघं त्यांच्यामधून चालतो, माळावरच्या टेकड्यांमधून चालावं तसं. मग मला आठवतं की मी अजून कंट्रोल लावलेला नाही, आणि जाग येते.

तू कुणालाच नावानं हाक मारायची नाहीस. गावाच्या नावानं मारायचीस. मी जळकोट. लातूर जिल्ह्यातून आलेला, बोअरच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या माणसाचा मुलगा, घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला. पहिल्या दिवशी तू माझ्या हातात पिपेट दिलीस आणि मी ती पेनासारखी धरली. कोपऱ्यातले दोघे हसले. तू हसली नाहीस.

"मी पण तशीच धरली होती," तू म्हणालीस. "आमच्या आश्रमशाळेत एकच परीक्षानळी होती, तीही कुलपात. बाई लांबून दाखवायच्या, देवीचा मुखवटा दाखवल्यासारखी."

तू किनवटकडची, जंगलातल्या गावाची, वसतिगृहात वाढलेली. माझ्या आधी सहा वर्षं त्या टेबलाशी उभी होतीस. इंग्रजी शोधनिबंध कसा वाचायचा ते तू मला शिकवलंस: रोज एक परिच्छेद, अडलेल्या शब्दावर पेन्सिलीनं मराठी, आणि संध्याकाळी तो परिच्छेद तुला सांगायचा. सरांसमोर माझं इंग्रजी अडखळलं की तुझ्या हातून नेमकी त्याच वेळी काहीतरी पडायचं. सर तुझ्यावर चिडायचे आणि तेवढ्यात मला शब्द सापडायचा. हे तू मुद्दाम करतेस हे मला तिसऱ्या वेळी कळलं. मी कधी त्याबद्दल बोललो नाही. आभार मानायला गेलो असतो तर तू म्हणाली असतीस, बाटली निसटली रे, तुझं काय त्यात.

मूळपेशी म्हणजे काय ते मी पाठ करून आलो होतो, पण समजलं तुझ्यामुळे. जी अजून काहीच झालेली नाही ती पेशी. ती दुभंगते तेव्हा तिच्यापुढे वाटा असतात. तिला पुन्हा आपल्यासारखंच होता येतं, नाहीतर काहीतरी व्हायला निघता येतं: मज्जा, काळीज, आतडं. मला वाटायचं, आपल्यासारखं राहणं म्हणजे नुसतं थांबणं. तू मला चार दिवस पेशींचं खाणं बदलू दिलं नाहीस. चौथ्या दिवशी वसाहती पसरट झाल्या होत्या, कडा विस्कटल्या होत्या, कुठे कुठे पाय फुटल्यासारखे धागे निघाले होते.

"पाहिलं? निघून चालल्या," तू म्हणालीस. "हिथं राहायला पण रोज काम करावं लागते."

ते काम एकटं प्रथिन करत नाही. ऑक्ट-फोर आणि सॉक्स-टू ही दोन प्रथिनं डीएनएवर शेजारी शेजारी, एकमेकांना टेकून बसतात आणि मूळपेशीला मूळपेशी ठेवणारी जनुकं चालू ठेवतात. तोच सॉक्स-टू उठून दुसऱ्या सोबत्यापाशी जाऊन बसला की पेशी मज्जापेशी व्हायला निघते. हे पहिल्यांदा नीट कळलं त्या दिवशी मी भारावून गेलो होतो.

"म्हणजे ताई, तो कोण आहे ह्यापेक्षा तो कुणाशेजारी बसलाय ते महत्त्वाचं."

"प्रथिनाचा माणूस करू नको," तू म्हणालीस. "उद्या त्याचं लग्न लावशील आन् मला आहेर मागशील."

तुला उपमांचा राग होता. उपमा सापडली की माणूस विचार करायचं थांबवतो असं तू म्हणायचीस. मी आमच्या तिसऱ्या प्रथिनाला पाव्हणा म्हणायचो; तू त्याला त्याच्या पूर्ण नावानं, मागच्या आकड्यांसकट हाक मारायचीस. माझ्या प्रबंधाचा प्रश्न एवढाच होता: ऑक्ट आणि सॉक्स जिथे टेकून बसतात तिथे हा तिसरा त्यांना धरून असतो का? असतो, तर मूळपेशी मूळपेशी राहण्यात त्याचा हात असू शकतो. नसतो, तर माझं शेवटचं प्रकरण नाही.

पद्धत साधी होती, तुझ्या हातात तर फारच साधी. बारीक मण्यांवर ऑक्टला पकडणारी अँटिबॉडी चिकटवायची, पेशी फोडून केलेल्या रसात ते मणी सोडायचे. ऑक्ट मण्याला धरला जातो आणि ज्यानं ऑक्टला धरलंय तोही सोबत येतो. मग मिठाच्या पाण्यानं मणी धुवायचे. जे उगीच चिकटलंय ते निघून जातं, जे खरं धरलंय ते राहतं. राहिलेल्यात आपला तिसरा असला तर फिल्मवर काळी रेघ उमटते. लिहिलेल्या कृतीत पाच वेळा धुवायचं होतं. तू पाच वेळा धुवायचीस.

पहिल्यांदा मी ते केलं तो दिवस उन्हाळ्यातला. नळ कोरडा, म्हणून शुद्ध पाण्याचं यंत्र बंद, म्हणून धुण्याचं द्रावण बाटलीत बोटभर उरलेलं. मी दोनदा धुतलं आणि माझा हात थांबला. द्रावण कमी होतं हे खरं. पण खरं सांगायचं तर तो हात आमच्या घरातला होता. जळकोटला आई भांडी राखेनं कचकचून घासते, मग एका घमेल्यात बुडवून काढते, मग दुसऱ्या. तिसरं घमेलं आमच्याकडे नाही. दोन पाण्यात भांडं स्वच्छ होतं असं माझ्या मनगटालाच माहीत होतं.

आणि रेघ आली. फिकट, पण आली.

मी फिल्म घेऊन धावत तुझ्याकडे आलो. तू ती उजेडाला धरलीस, बराच वेळ.

"किती धुतलं?"

"दोनदा."

"लिहिलंय किती?"

"पाचदा. पण द्रावणच नव्हतं ताई."

"जळकोट, दोन पाण्यात भांडे निघतात. प्रथिनं न्हाई."

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं आणि तू स्वतः पाच वेळा धुऊन दाखवलंस. रेघ गेली होती. तू म्हणालीस, ती घाण होती. मी म्हणालो, सोबत नाजूक होती आणि तू ती धुऊन टाकलीस. तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि कित्येक आठवडे चाललं. चहाच्या गाड्यावर चाललं, जिन्यात चाललं, सरांच्या दाराबाहेर हळू आवाजात चाललं. मला आता कबूल करायला लाज नाही, त्या भांडणात मला सुख होतं. माझ्या आयुष्यात कुणी माझ्याशी इतक्या बरोबरीनं भांडलं नव्हतं. गावात मोठे सांगायचे आणि आम्ही ऐकायचो. तू सहा वर्षांनी मोठी असून माझं म्हणणं खोडायला पुस्तकं काढून बसायचीस.

शेवटी तू एकच गोष्ट मागितलीस. रिकामा कंट्रोल. तू म्हणालीस, ऑक्टला न पकडणारी, कशालाच न पकडणारी अँटिबॉडी लावलेले मणी घे, तेही दोनदाच धू, आणि बघ. त्यात रेघ आली नाही तर तुझं खरं. आली तर घाण.

इतकं सोपं होतं. एका दिवसाचं काम. मी आज नको, उद्या करत राहिलो. अँटिबॉडी थोडी उरलीय, पेशी नीट वाढल्या नाहीत, सरांना अहवाल द्यायचाय. तू ओळखलं होतंस.

"तू घाबरून राहिला," तू म्हणालीस. "रेघ तुला लई आवडली. आता तिला कोणी हात लावू नये असं वाटते तुला."

ते खरं होतं म्हणून मी चिडलो. आणि मग मी ते वाक्य बोललो. ते मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. तुला म्हणालो, "इतक्या वर्षांत तुझा पेपर निघाला नाही म्हणून माझाही निघू नये असं वाटतं का तुला?"

तू पिपेट स्टँडला लावलीस. हातमोजे काढलेस, एक, मग दुसरा. म्हणालीस, "ज्या दिवशी कंट्रोल लावशील त्या दिवशी बोल माझ्याशी." आणि पेशींचं खाणं बदलायला आत गेलीस, कारण त्यांची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीच्या साखरपुड्याला जळकोटला गेलो. आठ दिवस राहिलो. तुला ताप आल्याचं कळलं. फोन करावा असं दोनदा वाटलं. पण कंट्रोल लावला नव्हता. किती मूर्ख होतो बघ, तुझा शब्द पाळत बसलो होतो. मग आपल्या प्रयोगशाळेतल्या भोकरचा फोन आला, दवाखान्यातून: ताई गेल्या. मी निघालो तोवर तुला गावी नेलं होतं.

परत आलो तेव्हा पेशी तयार होत्या, वाटून नव्या डिशमध्ये घालायच्या. दर दोन-तीन दिवसांनी त्या वाटाव्याच लागतात. थोड्या पुढे न्यायच्या, बाकीच्या टाकायच्या. झाकणावर तू तापातच गेल्या वेळचा आकडा लिहिला होतास. मी त्याच्या पुढचा लिहिला. आता त्या डिशमध्ये तुझ्या हातची एकही पेशी नाही, सगळ्या नंतर जन्मलेल्या. तरी त्या त्याच आहेत. भिंगातून बघताना कधी कधी मला यातलं खरं कुठलं ते ठरवता येत नाही, आणि ऊन सरकून जातं.

महिन्याभरानं मी तुझं सामान घेऊन किनवटला गेलो. पांढरा कोट, डबा, चपला. रेल्वेनं किनवट, पुढे जीपनं तुमचं गाव. रस्ताभर साग. एवढी सावली मी एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती. जीप चालली होती की झाडं चालली होती ते कळेना. घराच्या मागे ओढा वाहत होता आणि तुझी आई काठावर बसून तांदूळ धूत होती.

"तू कोन रे बाबा?"

"मी जळकोटचा. ताईसोबत काम करायचो."

त्यांनी आठवून पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, हाव, ती सांगायची तुझं. त्या म्हणाल्या, "न्हाई बा. कोनाचं सांगत न्हवती ती. निस्तं लेकरांचं सांगायची."

"कुणाची लेकरं?"

"त्या डब्यातले. रविवारी बी खाऊ घालावं लागते म्हने त्यायले. म्हनून सनाला बी थांबत न्हवती." त्यांनी तांदळातला खडा काढून टाकला. "आता कोन पाहून राहिलं त्यायले?"

"मी बघतो, माय."

"हाव. उपाशी नको ठेवू."

लेकरं. तू म्हणालीस असं, ताई. जी मला प्रथिनाला पाव्हणा म्हणू देत नव्हती ती घरी येऊन पेशींना लेकरं म्हणायची. मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. माय मान खाली घालून तांदूळ निवडत होत्या, त्यांनी पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल.

काहीतरी करावं म्हणून मी पातेलं मागून घेतलं. घरच्या सवयीनं थोडं पाणी घेतलं आणि तांदूळ दोन्ही हातांनी चोळायला लागलो.

"अरे अरे, चोळू नको. तुकडा व्हते त्याचा," माय म्हणाल्या. "पानी पाच घे. हात हलका ठेव."

"पाणी किती जाईल माय."

"वाहूनच राहिलं न ते."

मी पाच पाणी घेतलं. पहिलं दुधासारखं निघालं, दुसरं त्याहून पातळ. बोटं नुसती फिरवत राहिलो. पाचव्या पाण्यात खाली अख्खे तांदूळ दिसत होते, एकही मोडलेला नाही. पाण्यावर सागाच्या पानाची सावली हलत होती. तिथे ओल्या हातांनी बसल्या बसल्या मला कळलं की आपण दोघं इतके दिवस एकाच गोष्टीवर भांडत होतो आणि दुसरी गोष्ट आपण पाहिलीच नव्हती. किती वेळा धुवायचं यावर भांडलो. किती कडक धुवायचं, पाण्यात मीठ किती, हे कृतीत छापलेलं होतं म्हणून दोघांनीही तसंच ठेवलं. घाण जाते ती पाणी पुन्हा पुन्हा बदलल्यानं. नाजूक सोबत तुटते ती मिठानं. ताई, ही उपमा नाही. मी खरंच तांदूळ धूत होतो.

नांदेडला आल्यावर लगेच लावायला हवं होतं. तरी आणखी काही आठवडे गेले, भीती तीच होती. मग एका सोमवारी मी तीन जोड्या लावल्या. माझी दोन पाण्याची. तुझी पाच पाण्याची, कडक मिठाची. आणि तिसरी पाच पाण्याची, हलक्या मिठाची. प्रत्येक जोडीत एक ऑक्टला पकडणारा, एक रिकामा. पाचव्यांदा धुताना, तिसरं घमेलं कधी न पाहिलेलं माझं मनगट अवघडलं, तरी धुतलं.

दुसऱ्या दिवशी फिल्म पाहिली. आधी माझी जोडी. ऑक्टच्या घरात रेघ होती. रिकाम्यातही रेघ होती, जवळजवळ तेवढीच. घाण. तू दुसऱ्याच दिवशी म्हणाली होतीस ती. जी रेघ मी इतके महिने जपली, जिच्यासाठी तुला ते बोललो, ती घाण होती. मी फिल्म खाली ठेवली. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत होतं की तू शेजारच्या स्टुलावर आहेस आणि मुद्दाम काही बोलत नाहीयेस.

मग तुझी जोडी. दोन्ही घरं कोरी.

मग तिसरी. रिकामं घर कोरं, स्वच्छ. आणि ऑक्टच्या घरात एक रेघ. आधीच्यापेक्षाही फिकट, श्वास रोखून बघावी लागेल अशी. पण एकटी.

सरांना दाखवली. ते म्हणाले, तीनदा यायला पाहिजे. दोनदा आलीय. तिसरी फिल्म आज धुतली, अजून वाळतेय, पाहिलेली नाही. सगळं कळेपर्यंत थांबलो असतो तर पुन्हा तेच झालं असतं, म्हणून आधी तुझ्याशी बोलायला बसलो. तिसऱ्यांदा कोरी आली तर मी तसंच लिहीन. आता भीती नाही वाटत. हे तुझ्यामुळे.

तर हिशोब असा: माझी रेघ घाण होती, ताई. पण सगळी घाण नव्हती. तुझं धुणं बरोबर होतं आणि थोडं जास्त कडक होतं. ह्यावर तू काय म्हणाली असतीस ते मी करून बघतो मनात, पण तुझ्या तोंडी माझीच वाक्यं येतात, म्हणून सोडून देतो.

राहिलं ते दुसरं. तुझ्या पेपरवरून मी जे बोललो ते. तू ते मनाला लावून घेतलंस, की आत जाऊन लेकरांचं खाणं बदलता बदलता विसरलीस, हे मला माहीत नाही. तुझ्या आईला माहीत नाही. ते तपासायला कुठली अँटिबॉडी नाही, कितीही धुतलं तरी त्यातून काही वेगळं निघणार नाही. ह्या एका गोष्टीला कंट्रोल लावता येत नाही, म्हणून पुराव्याशिवाय सांगतो.

चुकलो, ताई.